इथे बसून प्यायची कॉफी

कोल्हापुरात फिल्टर कॉफीचं दुकान काढतोय म्हटल्यावर जो तो पहिल्यांदा हेच विचारायचा, "हितं कॉफी कोण पितंय?" त्याचं उत्तर सोपं होतं. विद्यापीठातली पोरं आहेत, निपाणी-बेळगावकडून रोज ये-जा करणारी माणसं आहेत, बंगळुरूत चार वर्षं काढून घरी परतलेलं कुणी ना कुणी प्रत्येक गल्लीत आहे. दुसरा प्रश्न जरा वेळाने यायचा. दुकान चालवायचंय तर चालवा, त्यात सामाजिक न्याय कशाला आणताय? त्यावर मी भाऊसिंगजी रोडचं नाव घ्यायचे.

गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल उभं राहिलं, नाव 'सत्यसुधारक'. स्वच्छ हॉटेल, चांगला चहा, पण अस्पृश्याच्या हातचा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. ज्याला महाराजांची सही हवी त्याने तिथे यावं, असा शिरस्ता पडला. ही गोष्ट कोल्हापुरात शाळकरी मुलालाही माहीत असते, पण ती सांगताना लोक भांडवलावर थांबतात. मला तिचा उत्तरार्ध महत्त्वाचा वाटतो. पैसे देणं सोपं होतं, राजाला तर फारच सोपं. हॉटेल चाललं ते राजा तिथे थांबून, सगळ्यांच्या देखत चहा प्यायला म्हणून. आमच्या दुकानाचा सगळा विचार या उत्तरार्धातून निघालेला आहे.

आम्ही तिघी. मी पतसंस्थेत हिशेब बघायचे. एक मैत्रीण ऊसतोड मजुरांच्या मुलांना शिकवण्याचं काम करत आलेली. तिसरी हॉटेल मॅनेजमेंट शिकून पुण्यात राबलेली आणि परत आलेली. २०२१ च्या हिवाळ्यात दुकान उघडलं. त्याच वर्षी जुलैत पंचगंगेचा पूर येऊन गेलेला, त्याआधी कोरोना, त्यामुळे गाळे रिकामे होते आणि भाडी उतरलेली होती. नाहीतर आमच्या ऐपतीत जागा मिळाली नसती.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण असं दुकान काढू पाहणारे पहिल्यांदा तेच विचारतात. ट्रस्ट काढावा असा बऱ्याच जणांचा सल्ला होता. पण लोकोपयोगी कामाच्या ट्रस्टने धंदा करायचा म्हटला की आयकर कायद्यातली एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा आडवी येते. आमचं तर सगळं उत्पन्न कॉफीचंच असणार होतं. शेवटी साधी भागीदारी फर्म केली. कर भरायचा, आणि उरलेल्यातून द्यायचं ते नोंदणीकृत संस्थांना पावती घेऊन द्यायचं. कामाला दहापेक्षा कमी माणसं असली की शॉप अ‍ॅक्टखाली तेव्हा नुसती ऑनलाइन सूचना पुरायची. अन्नसुरक्षेची नोंदणी तेव्हा वर्षाला १०० रुपयांत व्हायची, वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर. जीएसटीला कंपोझिशन योजना घेतली. उलाढालीच्या ५ टक्के आपण भरायचे, गिऱ्हाइकाकडून वेगळे घ्यायचे नाहीत. यातलं काहीच अवघड नव्हतं.

अवघड होतं जागा मिळवणं. एक मालक भाड्याचं ठरल्यावर, चहा पिता पिता म्हणाले, "किचनमध्ये कोण असणार?" आम्हाला वाटलं गॅसची, आगीची काळजी असेल. तसं नव्हतं. त्यांना आडनावं हवी होती. दुसऱ्या ठिकाणी मांसाहार होणार नाही ना, असं विचारून झालं. नाही, कॉफी आणि फराळाचंच असेल, म्हटल्यावर विचारलं की मग मुस्लिम मुलं कामाला ठेवणार का. शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न उघड होता, हौदाला शिवलास का. आताचा स्वयंपाकघराच्या दाराने येतो. जी जागा मिळाली ती एका निवृत्त शिक्षिकेची. त्यांनी एकच अट घातली, भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत.

कॉफी कुठून घ्यायची याचा शोध आधीपासून सुरू होता. आम्ही कोडगूत जाऊन आलो. बाबा बुदन यांनी येमेनमधल्या मोख्याहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या ही कथा तिथे प्रत्येक जण सांगतो. मळ्यांमधल्या 'लाइन' घरांबद्दल मात्र विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही. येरवा, पणिया, कुरुबा या आदिवासी समाजांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या एकेका खोलीत राहतात. काम आहे तोवर छप्पर, काम सुटलं की छप्परही गेलं. त्यांच्यातलीच शेकडो कुटुंबं आपली म्हणून जागा हवी म्हणत दिड्डळ्ळीत झोपड्या घालून राहिली, आणि २०१६ च्या डिसेंबरात त्या झोपड्या पाडल्या गेल्या. सगळे मळेवाले सारखे नाहीत. चांगली घरं बांधून देणारेही भेटले. पण ज्याच्या दाण्यात मजुराचं घर मालकाच्या मर्जीवर आहे तो दाणा घेऊन भिंतीवर न्यायाच्या गोष्टी लिहायच्या, हे आम्हाला जमणार नव्हतं.

म्हणून अरेबिका वाणाची कॉफी आंध्र प्रदेशातल्या अरकूची घेतो. पूर्व घाटात, पाडेरूच्या भागात, आदिवासी शेतकरी एक-दोन एकरांच्या तुकड्यांत कॉफी लावतात. वर सिल्व्हर ओकची सावली, त्याच्या खोडावर मिऱ्याचा वेल, खाली कॉफी. पोडू म्हणजे जंगल जाळून केलेली फिरती शेती कमी व्हावी म्हणून सरकारने तिथे कॉफी नेली. आज जमीन आणि झाड दोन्ही शेतकऱ्याचं आहे, आणि खरेदीला सहकारी संस्था आहेत. २०१९ साली अरकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं. दाटपणासाठी वायनाडच्या छोट्या शेतकऱ्यांची रोबस्टा मिसळतो. आपल्या महाराष्ट्रात फक्त चिखलदऱ्याला कॉफी होते. तिथलीही आणून बघितली. हौशीने पिण्याइतकी छान आहे, दुकान चालवण्याइतकी मिळत नाही.

दाण्याची चौकशी करताना एक गोष्ट आमच्या शिकवणाऱ्या मैत्रिणीने टेबलावर ठेवली. कोडगू लांब आहे, अरकू त्याहून लांब. कपातली साखर तर इथलीच आहे, तिचं काय?

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, घरचा ऊस. दिवाळीनंतर टोळी यायची, बहुतेक बीडकडची. रानाच्या कडेला खोपी पडायच्या. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत हंगामभर तोड. एक दिवस आजारपणात गेला तर खाडा धरून पैसे कापतात. पहाटे अंधारात उठून बाई भाकरी करते, मग ऊस तोडते, मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरते, रात्री परत चूल. पाळीचा त्रास नको, खाडा व्हायला नको म्हणून गर्भपिशवीच काढून टाकण्यापर्यंत गोष्ट गेली. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या रानात येऊन गेलेल्या बायकांचे चेहरे आठवत बसले.

हिशेब माझं काम, म्हणून मी हिशेब मांडला. आमच्या एका कपात साधारण ८ ग्रॅम साखर पडते. दुकानात तिची किंमत ३५ पैशांच्या आसपास. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तरी तो टनाला ३५० रुपयांच्या थोडाच पुढे गेला. एका टनातून ११० किलो साखर निघते असं धरलं, तर त्या ८ ग्रॅममध्ये तोडणाऱ्या जोडप्याचा वाटा तीन पैसेसुद्धा होत नाही. दोघांचा मिळून. ही आकडेमोड आम्ही एका कार्डावर छापून प्रत्येक टेबलावर ठेवली. त्याच कार्डाच्या मागे ३५ रुपयांच्या कपाचा सगळा हिशेब: पूड ९, दूध ७, साखर ३५ पैसे, भाडं ५, पगार ७, गॅस-पाणी-वीज अडीच, कर पावणेदोन, आणि २ रुपये बाजूला काढलेले. उरतात ४० पैसे. दुकान तगतं ते उप्पीट, थालीपीठ आणि खारीवर.

कार्ड वाचून सगळ्यात आधी बोलले ते आमच्याकडचेच शेतकरी. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेहून परतणारे काही जण दुकानात थांबले होते. त्यातले एक काका कार्ड हातात घेऊन माझ्याकडे आले. "पोरी, तोडणी-वाहतूक आमच्या बिलातनंच कापत्यात. वर खुशाली वेगळी, ट्रॅक्टरवाल्याची एंट्री वेगळी. तुझ्या कार्डावर शेतकरी कुठाय?" मी त्यांच्यासमोर बसले. खरं होतं ते. एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर कागदावर मोठा दिसतो, हातात येताना तोडणी-वाहतूक वजा होऊन येतो, आणि ऊस वाळायला लागला की शेतकरी टोळीला खुशाली, ट्रॅक्टरवाल्याला एंट्री, असे वरचे पैसे देऊन मोकळा होतो. पण ते वरचे पैसे बाईच्या हातात जात नाहीत हेही तितकंच खरं. तासभर बोललो. त्यांनी त्यांच्या बिलाचा फोटो मोबाइलवर दाखवला, मी आकडे उतरवून घेतले. पुढच्या छपाईत शेतकऱ्याची ओळ आली, कारखान्याची आली, मुकादमाच्या कमिशनची आली. कार्ड लांबलं. वाचायला वेळ लागतो आता, पण वाचणारे भांडायला येतात, आणि मला तेच हवंय.

आता बसण्याबद्दल. आमच्या गल्लीत पहाटे झाडलोट करणाऱ्या मावशी काम आटोपून दुकानासमोर यायच्या आणि पायरीखाली उभ्या राहून म्हणायच्या, "पार्सल द्या." कागदी कप हातात घेऊन समोरच्या कट्ट्यावर जाऊन प्यायच्या. आत बसा म्हटलं की, "नको बाई, कापडं घाण हायत." कपड्यांचं कारण त्यांनी आमची अडचण होऊ नये म्हणून सांगितलेलं होतं, हे कळायला फार हुशारी लागत नाही. राज्यघटनेचं पंधरावं कलम आमच्या भिंतीवर आहे. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जातीवरून कुणालाही आडकाठी करता येणार नाही, हे त्यात नावासकट लिहिलंय. पण आडकाठी कुणी करत नसतानाही माणूस पायरीखाली उभा राहतो, त्याला भिंतीवरचं कलम काय करणार?

आग्रह करणं आम्ही थांबवलं आणि त्यांना काय लागतं ते विचारलं. उत्तर आलं, संडास. पहाटे चारला घर सोडलेल्या बाईला दुपारपर्यंत जायला जागा नसते. पाणी कमी पितात, उन्हाळ्यात लघवीची जळजळ घेऊन काम करतात. मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी' म्हणत बायकांनी यासाठी मोहीम चालवली, तो प्रश्न आमच्या दाराशी रोज उभा होता. आम्ही दुकानाचं शौचालय सगळ्यांना खुलं केलं, कॉफी घ्या न घ्या. बाहेरच्या बाजूला हात-पाय धुवायला नळ आणि साबण ठेवला. भाजीवाल्या, पार्सल पोचवणारी पोरं, क्लासला आलेल्या मुली, सगळ्यांची सोय झाली. पाण्याचं बिल वाढलं. शौचालय धुवायची पाळी सगळ्यांना लावली, आम्हा तिघींनाही, आणि तक्ता स्वयंपाकघरात चिकटवला. या एका नियमावर कामाला आलेली दोन मुलं सोडून गेली. नियम बदलला नाही. सफाई हे ठराविक जातीचं काम नाही असं म्हणणारं दुकान सफाईला ठराविक बाई ठेवू शकत नाही.

शौचालयाला जाण्यासाठी मावशी आत येऊ लागल्या. आत आल्यावर पंख्याखाली दोन मिनिटं थांबू लागल्या. मग एका पगाराच्या दिवशी त्यांच्या टोळक्याने मधलं मोठं टेबल धरलं, फिल्टर कॉफी मागवली, ती कडू आहे म्हणून अजून साखर मागवली, आणि मोठमोठ्याने हसत, मुकादमाच्या नकला करत अर्धा तास बसल्या. आमच्या रोजच्या गिऱ्हाइकांपैकी एक निवृत्त गृहस्थ काउंटरवर आले आणि हळू आवाजात म्हणाले, यांच्यासाठी निदान कप तरी वेगळे ठेवा, तुमच्याच भल्याचं सांगतोय. गावाकडे गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी कपबशी ठेवलेली मी लहानपणी पाहिलेली आहे, त्यामुळे मला धक्का बसला नाही. मी त्यांना सांगितलं की इथे कप एकाच टोपल्यात जातात आणि एकाच पाण्याने धुतले जातात. ते गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या शेजारी बसणारे त्यांचे मित्र मात्र अजून येतात, आणि मधलं टेबल भरलेलं असेल तर मावशींना खुर्ची ओढून देतात.

एकाने मोठ्या उत्साहाने सुचवलं होतं की इटलीत नेपल्सला चालते तशी पद्धत सुरू करा, कुणीतरी दोन कॉफीचे पैसे भरायचे, एक प्यायची, दुसरी गरजूसाठी ठेवायची. पद्धत प्रेमळ आहे. पण त्यात काउंटरवर येऊन "माझ्यासाठी कुणी ठेवलीय का" असं विचारावं लागतं. कोल्हापुरात, ओळखीच्या माणसांसमोर, हे विचारणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. त्याऐवजी आम्ही १५ रुपयांचा छोटा ग्लास ठेवला. तीच कॉफी, कुणालाही, का म्हणून कुणी विचारत नाही. परीक्षेच्या दिवसांत सगळ्यात जास्त तोच खपतो.

बिलिंगला जी ताई आहे ती तृतीयपंथी. कामावर घेताना आम्ही एकच ठरवलं होतं, पगार बँकेतच होणार, व्हाउचरवर कायमचं ठेवायचं नाही. हे बोलायला सोपं होतं. तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर तेच, माणूस मात्र वेगळ्या नावाने जगणारं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळतं, अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा. प्रमाणपत्र आलं की आधार, मग पॅन, मग बँक, अशी साखळी. प्रत्येक खिडकीवर "साहेब, की मॅडम?" हा प्रश्न आणि मागच्या रांगेतली खुसखुस. मी बरोबर जायचे, कागद माझ्या हातात असायचे, पण उत्तरं तिलाच द्यावी लागायची आणि ती देत राहिली. खातं निघालं. आता गुरुवारी दुपारी, दुकान मोकळं असतं तेव्हा, ती मागच्या टेबलावर बसून तिच्यासारख्या इतरांचे अर्ज भरून देते. इचलकरंजीहून, सांगलीहून येतात. कुठला कागद कुठे अडतो हे तिला कुणाही एजंटापेक्षा जास्त माहीत आहे.

सुरुवातीला गिऱ्हाइकं पैसे तिच्या हातात न देता काउंटरवर ठेवायची. आता बहुतेक जण यूपीआयने देतात, त्यामुळे हाताला हात लागायचा प्रसंगच येत नाही. लोक बदलले म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही. सुटे परत देताना ती मुद्दाम हातात देते.

जून २०२३ बद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मोबाइलवरच्या स्टेटसवरून ७ जूनला शहरात जे झालं, दगडफेक, बंद, इंटरनेट बंद, ते सगळ्यांनी पाहिलं. आमचं शटर त्या दिवशी खाली होतं. खरी कसोटी नंतर आली. कुणाकडून काय घ्यायचं नाही याचे मेसेज फिरू लागले. आमची खारी, नानकटाई आणि टोस्ट एका मुस्लिम कुटुंबाच्या बेकरीतून येतो. आजोबांपासूनची भट्टी आहे. गिऱ्हाइकं खारी हातात घेऊन विचारायला लागली, "माल कुठला?" आमच्यातल्या दोघींचं म्हणणं होतं की बरणीवर बेकरीचं नाव ठळक लिहावं, लपवायचं कशाला. शाहू महाराजांनी १९०६ साली जिथे मुस्लिम बोर्डिंग उभं केलं त्या शहरात आपण नाव लपवायचं? मलाही तेच वाटत होतं. पण नाव त्यांचं, भट्टी त्यांची, दगड आला तर त्यांच्या काचेवर येणार. म्हणून विचारायला गेलो. चाचांनी पीठ मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाव नका लिहू. माल घेत राहा. जमलं तर जरा जास्त घ्या."

तेवढंच केलं. खारीची मागणी वाढवली, दुकानात खपणार नाही ती शाळा-कॉलेजच्या कॅन्टीनना ओळखीने पोचवली. कुणी विचारलं तर खरं उत्तर द्यायचं, पण बरणीवर काही नाही. न्यायाच्या कामात आपण उठून दिसावं ही ओढ फार असते, दुकानाला तर जास्तच, कारण त्यावर दुकान चालतं. ज्याच्यासाठी करतोय त्याला काय परवडतं हे आधी विचारायचं, हा नियम आमच्याकडे त्या दिवसापासून लिहिलेला आहे. म्हणूनच मदत दिल्याचे फोटो आम्ही काढत नाही. वस्तीवरच्या मुलांच्या हातात आमच्या दुकानाची पिशवी देऊन कुणालाही उभं केलेलं नाही.

कपामागचे ते २ रुपये नफ्यातून नाहीत, किमतीतून आहेत, हेही सांगायला हवं. नफ्याची टक्केवारी ठरवली असती तर पावसाळ्यात द्यायला काहीच उरलं नसतं. जुलैत पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेली की शहराचं लक्ष ४३ फुटांच्या धोका पातळीवर लागतं आणि दुकानात माणूस दिसत नाही. २०२४ च्या जुलैत असे दिवस ओळीने गेले. पण जेवढे कप गेले तेवढे दोन-दोन रुपये बाजूला पडतातच. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे बसतात, तिघी मालकिणी आणि कामाची माणसं मिळून, आणि पैसे कुठे द्यायचे ते ठरतं. एक मत एकाचं. गेली दोन वर्षं मोठा वाटा दोन कामांना जातो. टोळ्यांच्या वस्तीवर हंगामात चालणाऱ्या वर्गांना, आणि एकल बायकांना जमिनीच्या, घराच्या हक्कासाठी लागणाऱ्या वकिली खर्चाला. दुसरं काम आमच्या थालीपिठाच्या ताईंनी सुचवलं. त्या स्वतः नवऱ्यामागे सात-बाऱ्यावर नाव लावून घ्यायला झगडलेल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा सगळीकडे कौतुक झालं. ताई तेव्हा एवढंच म्हणाल्या की बांगड्या राहिल्या ते बरं झालं, आता जमीन पण राहू दे.

कामगारांच्या वाट्याबद्दल आमचा आदर्श जुना आहे. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस निघालं. पुढे पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्ड ही दुकानं बंद करायला निघालं, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. १९५७ पासून ती कामगारांच्या मालकीची आहेत. आम्ही तेवढ्या मोठ्या नाही. पण तीन वर्षं पूर्ण करणाऱ्याला नफ्यात वाटा, असं करारात घातलंय. पीएफ आमच्याएवढ्या दुकानाला सक्तीचा नाही, म्हणून सगळ्यांचा आरोग्य विमा दुकानातून भरतो.

२०२५ च्या सुरुवातीला ब्राझीलमधल्या दुष्काळाने अरेबिकाचा जगातला भाव कधी नव्हता इतका चढला. रोबस्टाही मागोमाग. कार्डावरचे ते ४० पैसे एका महिन्यात पुसले गेले आणि कप तोट्यात गेला. प्रस्ताव मीच मांडला, कॉफीत मिसळतात त्या स्वस्त चिकोरीचं प्रमाण वाढवू किंवा २ रुपये काही महिने थांबवू. रविवारच्या बैठकीत थालीपिठाच्या ताईंनी विचारलं, हा वाढलेला भाव अरकूच्या शेतकऱ्याला मिळतोय का? मिळत होता. तिकडचे खरेदीदर वाढले होते, बागेत पहिल्यांदाच बरे पैसे आल्याचं तिथून फोनवर कळलं होतं. "मग आपुन रडायचं कशाला?" त्या म्हणाल्या. चिकोरी वाढवली नाही. आम्हा तिघींची उचल कमी केली, कप ४० रुपयांचा केला, १५ रुपयांच्या ग्लासाला हात लावला नाही. नव्या किमतीचं कार्ड छापलं. गिऱ्हाईक थोडं तुटलं, दिवाळीपर्यंत बरंचसं परत आलं.

बाजूला काढायचे २ रुपये तसेच ठेवलेत. कपाचा भाव वाढलाय तर तेही ३ करावेत, असं बिलिंगच्या ताईचं म्हणणं आहे. यंदा वस्तीवर मुलं जास्त आहेत आणि वर्गाला दुसरी शिक्षिका लागणार आहे. मार्चचा हिशेब झाला की ते मताला टाकू.